मापाने बेतलेला दस्ता

स्पाइसवुड खोरं, पश्चिम व्हर्जिनिया
११ ऑक्टोबर १९७६

व्हर्डीस,

आम्ही सगळे हातीपायी धड आहोत. तूही तिकडे ओहायोत धडच असशील, तुला कधी काही होत नाही. मी तिसरीत शाळा सोडली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. सफरचंदाचा मुरंबा परवा झाला. तांब्याच्या कढईत दिवसभर ढवळून खांदे गेले. सुना मदतीला आल्या होत्या, म्हणजे गप्पा मारायला.

हॉबर्ट गेल्यानंतर तुझं सांत्वनाचं पत्र आलं. फुलाफुलांच्या कागदावर, छान होतं. शेवटी हळूच लिहिलंयस, "भिंतीवरची ती जुनी गंजकी ठासणीची बंदूक तुम्हाला काय उपयोगाची? माझ्या नातवाला हवी आहे." उत्तराला उशीर झाला, कारण म्हटलं आधी बघू तरी ती कुठून आली. हॉबर्ट सांगायचा, पणजोबाची आहे. म्हणजे ती माझ्या नातवंडांची. तुझ्या नातवाचा संबंध काय? एवढंच मला पक्कं करून तुझ्या तोंडावर मारायचं होतं.

आणि गंजकी? तेल लावायचा हॉबर्टने एक रविवार चुकवला नाही. चर्चमधून आला की जेवणाआधी तिलाच मांडीवर घ्यायचा. मी मक्याची भाकरी ताटात गार होताना बघत बसायची.

माझ्या डॉइलने मला गाडीतून मेब्रीकडे नेलं. मेब्री जुन्या बंदुका दुरुस्त करतो, आणि बोलायला लागला की थांबत नाही. यंदा देशाला दोनशे वर्षं झाली म्हणून जो तो पोटमाळ्यावरची बंदूक घेऊन त्याच्याकडे पळतोय, त्यामुळे जास्तच फुगलाय. त्याने नळी लाकडातून सोडवली, खालून पाहिली आणि म्हणाला, "नळी शंभर वर्षांच्या पलीकडची. पणजोबाची म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही. पण हा खांद्याला लावायचा लाकडी दस्ता नंतरचा. कुणीतरी मुद्दाम नवा घातलाय."

मी म्हटलं, "मोडला असेल."

"मोडला असेल हो, पण नवा दस्ता सदऱ्यासारखा मापाने बेततात, मावशी. हा बघा किती आखूड. ज्याच्यासाठी केला तो माणूस बुटका. आणि गाल टेकायला हा उंचवटा असतो ना, तो उजव्या अंगाला आहे. म्हणजे डाव्या खांद्यावरून मारणारा."

डॉइल हसला. "मग बाबा नव्हेत. बाबांचे हात गुडघ्याला लागायचे."

मी त्याला म्हटलं, "गाडी काढ. रुहामाकडे चल."

रुहामा केगली तुला आठवत असेलच. लग्नाआधी हॉबर्ट तिच्या कुंपणाशी रेंगाळायचा असं लोक म्हणायचे, आणि मी आयुष्यभर तिला त्याबद्दल पाण्यात पाहिलं. दारात उभी राहिली तशी मी बंदूक तिच्या हातात दिली. म्हटलं, "लाव खांद्याला. डाव्या."

"अगं ऑर्फे, डोकं फिरलं का तुझं?" पण लावली तिने. तू तिला बघितलेलं नाहीस किती वर्षांत, अस्वलीण झालीय, पण हाडापेराने तेव्हाही तशीच होती. दस्ता तिच्या काखेतच गेला. आणि तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, डाव्या खांद्याची तिला गरज काय?

मग ती हसायला लागली. म्हणाली, "तू माझ्याकडे कशाला आलीस? या खोऱ्यात डाव्या खांद्यावरून मारणारी एकच होती, आणि ती तुझ्याच आईच्या पोटची."

व्हर्डे, मला मेब्रीच्या दुकानातच कळलं होतं. लहानपणी चेस्टनटचं काटेरी बोंड तुझ्या उजव्या डोळ्यात गेलं तेव्हा तुला पाठीवर घेऊन मीच आईकडे पळाले होते. त्या डोळ्याने तुला दिसत नाही हे मला कुणी सांगायला नको. पण ती रुहामाच निघावी असं मला वाटत होतं. तिचा द्वेष करायची सवय झाली होती.

बाकीचं रुहामाने भडाभडा सांगितलं. मी मावशीचं बाळंतपण करायला नदीपलीकडे होते, त्या शरदातलं. बैलाची नेमबाजी ठरली, जिंकेल त्याला मांसाचा वाटा. हॉबर्टने पणजोबाची मोडकी बंदूक नेऊन तुझ्या मापाचा दस्ता घालून आणला. सगळ्या पुरुषांत तू पहिली आलीस आणि बैलाची मागची अख्खी मांडी जिंकलीस. मी घरी परतले तेव्हा आईने ताटात खारवलेलं मांस वाढलं होतं. मी दोनदा मागून खाल्लं. ते कुठून आलं हे कुणी सांगितलं नाही.

त्याने तुला ओसरीवर लग्नाचं विचारलं. तू नाही म्हणालीस, बंदूक त्याच्या हातात परत दिलीस आणि ओहायोला निघून गेलीस. वसंतात तो माझ्याकडे आला.

दुसऱ्या पंगतीतही पोट भरतं, त्याचं मला काही नाही. पाच पोरं झाली, छप्पर गळलं नाही. पण एक कळत नाही, व्हर्डी. त्याच्यात तुला खोट तरी काय दिसली? असा माणूस तुला पुरेसा वाटला नाही, याचा मला जास्त राग येतो.

घरी येऊन बंदूक खिडकीशी धरून पाहिली. त्या उंचवट्यावरचा रंग उडून लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालंय. तू तिथे एकच हंगाम गाल टेकलास. एवढ्याने लाकूड झिजत नाही. ते चिंधीने आणि अंगठ्याने झिजलंय. माझ्या गालावरून त्याचा हात एवढा फिरलेला मला आठवत नाही.

डॉइलची कानस घेतली होती. म्हटलं उंचवटा घासून सपाटच करावा. मग ठेवून दिली. मेपलचं चांगलं लाकूड आहे, उगाच खराब कशाला करायचं.

दारू भरून, गोळी ठासून गोठ्यामागे मारून बघते हल्ली. उजव्या खांद्यावरून. दस्ता आखूड पडतो, अंगठा नाकावर आदळतो. नाक वांग्यासारखं सुजलंय आणि सुना तोंडात एप्रन कोंबून हसतायत. हसोत. फळीला भोकं पडायला लागलीत.

तर बंदूक मिळायची नाही. नातवाला घेऊन ये, मुरंबा देईन, बंदूक लांबून दाखवीन. ती तुझ्या मापाची आहे, कबूल. पण तू ती परत दिलीस, आणि परत दिलेल्या वस्तूसोबत पन्नास वर्षं संसार मी केला.

ऑर्फा स्टिल्टनर,
हॉबर्टची बायको