दोन घरांमधली तांबडी रेघ

मी, आलोशियस बॅप्टिस्ट तुस्कानो, वय ७४, निवृत्त शिक्षक, राहणार वसई, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. पत्नी डेल्फिनचे दडपण आहे, पण ते लग्नापासूनचे असल्याने मोजू नये.

१. राहते घर व बँकेतील ठेवी डेल्फिनला. तिच्यामागे मुलगा केनी व मुलगी जेनिफर यांना समसमान. घरात मधे भिंत घालू नये.

२. केळीची बाग केनीला. बावखलाच्या तळ्यातून पाणी ओढायचा पंपही त्यालाच, पण तो कोणाला उसना देऊ नये. माझा धाकटा भाऊ बेसिल याने २००८ साली तो नेला आणि तीन आठवडे परत केला नाही. पुढचे सगळे त्यातून झाले.

३. आमची वाडी आधी वसई मतदारसंघात होती. त्या साली पुनर्रचनेत नालासोपारा हा नवा मतदारसंघ निघाला आणि हद्द वाडीतल्या पायवाटेवरून ठरली. पायवाटा दोन; कोणती, ते आदेशात नव्हते. एक बेसिलच्या घरामागून जाते, दुसरी त्याच्या आणि माझ्या घरामधून. मतदारयादीचा नजरी नकाशा, म्हणजे हाताने काढलेला वाडीचा आराखडा, करायचे काम शिक्षक म्हणून माझ्याकडे होते. पंप अजून परत आला नव्हता. मी तांबडी रेघ दोन घरांच्या मधून ओढली आणि सख्खा भाऊ नालासोपाऱ्यात गेला.

आम्ही समोरच्या शाळेत मतदान करतो, तो रिक्षाने दोन किलोमीटर जातो. हे वरच्या साहेबांनी केले असे समजून त्याने सतरा तक्रारअर्ज दिले. अक्षर चांगले म्हणून सगळे मीच लिहिले. बारावा इतका छान उतरला की मंजूर होईल या भीतीने मी त्यातून वाडीचे नाव गाळले. "दादा, तू हायेस म्हणून लढतोय," असे तो दर वेळी म्हणतो. मला माझीच फार लाज वाटते.

४. नकाशाची माझी प्रत लोखंडी पेटीत आहे. मी गेल्यावर केनीने ती बेसिलला दाखवावी आणि तिथे फार वेळ उभे राहू नये. जिवंतपणी तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही. साक्षीदार त्यालाच केले आहे, कारण तो चष्मा घरी विसरतो आणि कागद न वाचता सही ठोकतो.

वसई, ९ नोव्हेंबर २०२५
(सही) आलोशियस बॅप्टिस्ट तुस्कानो

आमच्यासमोर सही झाली:
१. श्रीपत म्हात्रे, शेजारी
२. बेसिल बॅप्टिस्ट तुस्कानो. या वेळी चष्मा खिशात होता. दादा, अठरावा अर्ज आजच लिहायला बस. वाडीचं नाव मी घालतो. पंप उद्या नेतोय.