चिंधी बांधलेला दोडका

ती. दाजींना,

अल रय्यानहून हरिदासचा नमस्कार. (वाकून केलाय असं समजा, कंबर धरलीय, खरोखर वाकवत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? म्हशीनं लाथ मारली ती दुखऱ्या गुडघ्याला की चांगल्या, हे अक्कानं सांगितलं नाही. मी बरा आहे. बरा म्हणजे पंचेचाळीस डिग्रीत माणूस जितका बरा असतो तितका.

कागदावर लिहितोय, कारण फोन केला की अक्का तो तुमच्या हातातून काढून घेते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाता कामा नये. आमच्या कंपनीतला गिरीश सुट्टीवर गावी येतोय, त्याच्याकडे पाकीट दिलंय.

तर विषय आईच्या दोडक्याचा. आई गेल्यावर अक्कानं तिच्या पुरचुंडीतलं निम्मं बी मला दिलं. यंदा कंपनीनं खोल्यांमागच्या जागेत वाफे पाडून आम्हा ड्रायव्हर लोकांना वाटले, तेव्हा म्हटलं, चला, योग आला. आईचा नेम तुम्हाला ठाऊक आहे: अक्षय तृतीयेला आळी करायची आणि वेलभाज्या लावायच्या. मीही सगळं बी त्याच दिवशी लावून मोकळा झालो. शेजारच्या वाफ्यात महमूद (रत्नागिरीचा, माझ्याच खोलीत राहतो, माणूस लाखमोलाचा) त्याच वेळी त्याचे टोमॅटो उपटत होता. म्हणाला, "अरे, इथं भाजी दसऱ्याच्या सुमारास लावतात. आता खलास!" मी म्हटलं, आमच्याकडं शास्त्र आहे. त्या शास्त्रात पुढं पाऊस धरलेला असतो, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

निम्मी रोपं मी स्वतःच मारली. दुपारी ड्यूटीवरून आलो, माना टाकलेल्या दिसल्या, जीव कळवळला, नळाला पाइप लावला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इथं चहा करण्याइतकं तापतं. रोपं जागच्या जागी शिजली. मग एसीच्या नळीखाली बादली ठेवून ते गार पाणी तांब्यातांब्यानं घालत बसलो. मधमाशी औषधाला नाही, म्हणून रोज संध्याकाळी नरफूल तोडून मादीफुलाला चोळायचं. (वॉचमन बघत उभा असायचा. काय समजला असेल देव जाणे.) एवढं करून धरला एक दोडका. एक! बियाणाला राखायचा म्हणून आई बांधायची तशी चिंधी बांधली.

त्यात मला ताप भरला. दोन दिवस अंथरुणात. दुसऱ्या दिवशी महमूदनं गरम भाजी-भाकरी पुढं ठेवली. मी दोनदा मागून घेतली, बोटं चाटली आणि मग विचारलं, भाजी कुठली रे? म्हणाला, तू उन्हासाठी फडकं बांधून जपला होतास तोच दोडका, म्हटलं करपण्याआधी तुझ्याच पोटात जाऊ दे. आता अशा माणसाला काय बोलणार? मला रडू फुटलं. त्याला वाटलं, भाजी तिखट झाली. बिचारा पाणी आणायला धावला.

आपला,
हरिदास

ता. क. उरलेल्या बियांतल्या पाच-सहा, अक्काला न कळता, गिरीशबरोबर पाठवा. दसऱ्याला लावीन, शपथ.

आणखी एक. चष्मा सापडत नाही म्हणून हे पत्र अक्काला वाचायला देऊ नका.

शेवटचं. अक्का, दाजींनी आजवर एक तरी पत्र स्वतः वाचलंय का? तूच वाचतेयस. शिव्या दे, तुझा हक्क आहे. पण बी पाठव. महमूदनं खोबरं वारेमाप घातलं होतं, तरी पहिल्याच घासाला आई आठवली गं.