खरी गोळी

आई,
मोडक्या नाकाने तुझी आठवण काढतोय. घाबरू नकोस, डोळे शाबूत आहेत.

आधी चांगली बातमी. मला रोज उलट्या होतात! जुन्या गोळ्या मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाची दारं बंद करायच्या, म्हणून माझे हात थरथरायचे. ही नवी गोळी वेगळंच दार उघडते म्हणे. या नव्या औषधाच्या चाचणीतल्या अर्ध्या लोकांना नुसती खडूची खोटी गोळी देतात आणि कुणाला काय दिलं ते नर्सलाही ठाऊक नसतं. पण खऱ्या गोळीने मळमळतं, म्हणून सगळा वॉर्ड एकमेकांच्या बादलीवर डोळा ठेवून असतो.

माझ्या खोलीतला रस्टी मात्र ठणठणीत, चापून जेवतो. काल नाश्त्याला मी ओकलो तसा तो खवळला. "साल्या, माझी गोळी तू लाटलीस!" म्हणत त्याने ट्रे माझ्या तोंडावर हाणला. मग मी त्याचं डोकं बेसिनवर आपटलं. त्याचे दात पडले, भिंतीवर रक्त उडालं, तरी मी आपटतच राहिलो. शेवटी तिघांनी मला मागे खेचलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोक्यातल्या आवाजांनी सांगितलं का मारायला?"

मी खोटं बोललो नाही. आवाज आठवडाभर गप्प आहेत, आई. डोकं इतकं शांत कधीच नव्हतं. त्याला मीच बदडलं.

तुझा गुडघा कसा आहे? कुत्रा माझ्याच पलंगावर झोपतो ना?

थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी सोडतील बहुतेक. टर्की मी यायच्या आधीच कापून ठेव. आणि तू माझ्यापासून लपवलेल्या सुऱ्या अजून गाडीच्या डिकीतच राहू देत.

तुझाच,
वेंडेल