चौथ्या सीझनपासून बरं आहे

ट्रुगानिना, मेलबर्न
ऑक्टोबर २०२१

प्रिय बेन्सन यास नॉर्बर्टचा जय येशू.

तुम्ही सगळे खुशाल असाल, मम्मींचा खुबा आता कुरकुर न करता जिना चढत असेल, आणि तुझी शुगर खरोखर तू व्हॅलेरीला सांगतोस तेवढीच असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम. इथे लॉकडाउन चालूच आहे (हा सहावा; पहिल्यांना निदान नावीन्य तरी होतं). घर चार बेडरूमचं आणि माणूस एक, म्हणून मी आळीपाळीने चारही खोल्यांत झोपतो. तेवढाच प्रवास.

पत्राचं कारण म्हणजे तक्रार. तुझ्या घरात, तुझ्या नाकाखाली, माझ्या पाठीमागे एक मालिका पाहिली जाते आहे.

तुझी बहीण, म्हणजे माझी व्हॅल, तुमच्याकडे आली ती मम्मींच्या ऑपरेशनपुरती, दीड महिन्यासाठी. मागोमाग दोन्ही देशांनी दारं लावून घेतली आणि तो दीड महिना काही अजून संपलेला नाही. (मध्ये एकदा तिला तिकीट मिळालं होतं, तर इथल्या सरकारने भारतातून येणाऱ्यांवरच बंदी घातली.) पहिलं वर्षभर आम्ही रोज फोनवर बोललो. पण बोलणार काय? ती विचारायची, जेवलास का. मी म्हणायचो, हो, डाळभात. मी विचारायचो, मम्मी कशा आहेत. ती म्हणायची, झोपल्यात. मग दोघं एकमेकांच्या घरातले आवाज ऐकत बसायचो. तिच्या बाजूला तुमचे कावळे, माझ्या बाजूला फ्रिज.

तेव्हा तिनेच शक्कल काढली की एकच मालिका दोघांनी एकाच वेळी लावायची आणि फोन चालू ठेवायचा. माझं ऑफिस संपलं की इथे संध्याकाळ, तिथे मम्मींची दुपारची झोप. मालिका तुझ्या लेकीने, रेनीने सुचवली. विषय : जग बुडालेलं आहे, मढी उठून चालू लागली आहेत आणि उरलेली माणसं पळताहेत. मी म्हटलं, अगं, काहीतरी हलकंफुलकं बघू. ती म्हणाली, हे हलकंच आहे, बघ, सगळे एकत्र तरी आहेत.

पहिले तीन सीझन इतके टाकाऊ होते की काय सांगू! मी विम्याच्या ऑफिसात नुकसानीचे अंदाज काढणारा माणूस, मला निष्काळजीपणा सहन होत नाही. बाहेर शेकडो मढी फिरताहेत आणि हा गडी एकटाच अंधाऱ्या दुकानात शिरतो, तेही हाक मारत, "कुणी आहे का?" अरे, आहेत ना! तीच तर अडचण आहे! शिवाय लेखकाला कुणी दोन घास सुखाने खाताना बघवत नाही. जरा कुणी हसलं की पुढच्या भागात ते मेलंच. एक म्हातारी डॉक्टरीण आम्हा दोघांना फार आवडायची. तिला मारली तेव्हा व्हॅल रडली, आणि मी तिला हसवायला त्या बाईच्या विम्याचा अर्ज कसा फेटाळला जाईल ते तपशीलवार समजावलं. (हसली. माझं एवढंच भांडवल.)

तिसऱ्या सीझनच्या शेवटी मात्र माझा ताबा सुटला. नायिका पाठमोरी उभी, मागून मढं येतंय, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडतोय, "मागे बघ! अगं पळ! मारून टाकेल तुला!" थोड्या वेळाने दार वाजलं. बाहेर मास्क लावलेली एक तरुण पोलीस. शेजारच्या प्रतापने फोन केला होता. (भला माणूस आहे, जयपूरचा. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून म्हणाला, "भाईसाहब, मुझे लगा भाभीजी लौट आईं और झगड़ा शुरू हो गया.") मी पोलीसबाईंना टीव्ही दाखवला. फोनवर वसईहून व्हॅल ओरडून सांगत होती की मी जिवंत आहे. मुलगी हसायला लागली. म्हणाली, "नो वरीज, मेट. धीर धरा, चौथ्या सीझनपासून बरं आहे." बेन्सन, किती महिन्यांनी माझ्या दारात कुणी उभं होतं म्हणून सांगू! मी चहा विचारला. नियमात बसत नाही, म्हणाली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात होतो.

आणि खरंच, चौथा सीझन वेगळाच निघाला. मढी आहेत, पण कुंपणाबाहेर. माणसं एका शाळेत राहायला लागलेली. टोमॅटो लावतात, कपडे वाळत घालतात, भांडी कुणी घासायची यावरून भांडतात. एक अख्खा भाग फक्त एका नवराबायकोचा. ताटातूट झालेली, तो तिला शोधत चालत चालत येतो. ती सापडते तेव्हा मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी जेवण ढवळत असते. गळ्यात पडणं वगैरे नाही. ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "आधी बस. खाऊन घे." मला वाटलं, आता व्हॅल रडणार. पण रडली नाही. म्हणाली, "बाईला करमत होतं तिथे." मी काहीतरी विनोद केला. तो तिला ऐकू गेला नाही बहुतेक.

त्यानंतर दोन दिवसांनी ती एका पात्राबद्दल बोलता बोलता "बिचारा" म्हणाली. माझ्या टीव्हीवर तो बिचारा ठणठणीत होता. तेव्हा कळलं की ती आणि रेनी पुढचं सगळं पाहून बसल्या आहेत! मी भडकलो. ती म्हणाली, अरे, पोरीने लावलं, मी बसले, त्यात काय? गेला आठवडाभर मालिका बंद आहे. शेवटचा भाग तसाच पडून आहे. तरी तू घरातला कर्ता पुरुष म्हणून रेनीला समज द्यावीस, एवढीच विनंती.

मम्मींना नमस्कार.

तुझा,
नॉर्बर्ट

ता. क. खरं विचारायचं होतं ते वेगळंच. नोव्हेंबरात इथल्या सीमा उघडणार म्हणताहेत. मी व्हॅलला उड्या मारत सांगितलं, तर ती म्हणाली, "बघू." नुसतं बघू. तुला काही बोलली आहे का? तिला यायचं आहे ना? मी विचारलंय असं सांगू नकोस.

ता. क. २. पत्र पाठवायचं राहिलं ते बरं झालं. काल मीच तिला विचारलं. म्हणाली, "मम्मींना असं सोडून यायला पाय निघत नाही. आणि मला सांगवत नव्हतं, कारण तू रोज इतका मजेत बोलतोस, मला वाटलं तुला एकट्याला जमलं." मग रडली. मी बोलायला तोंड उघडलं तर या वेळी विनोद काही सुचेना. ती म्हणाली, "तूच ये ना."

आता वरचं सगळं पुन्हा वाचतोय, तर तेही तसंच मजेत लिहिलेलं. म्हणून सरळ लिहितो. बेन्सन, मला इथे अजिबात करमत नाही. रजेचा अर्ज दिला आहे. तिकीट काढलं की कळवतो, विमानतळावर घ्यायला ये.