दुपारी एक दहाचा ताप

२ एप्रिल

पोचले एकदाची! सामान म्हणजे एक बॅग, माझी हत्यारांची पेटी आणि आईने ऐन वेळी काखेत कोंबलेली उशी. बसमधले सगळे त्या उशीकडे असे बघत होते, जणू मी ती कुणाच्या तरी घरातून उचलून आणलीय.

खोली दुकानाच्या अगदी वर आहे. पलंग कुरकुरतो, नळाला पाणी मात्र धो धो. खाली दुकानात तीन टेबलं आणि भिंतीला मेलेल्या कॉम्प्युटरांची उतरंड. मालकांना अख्खा बाजार फुंकरमामा म्हणतो. कुठलंही यंत्र समोर आलं की ते आधी त्यात एक फुंकर मारतात. निम्मी यंत्रं तेवढ्यानेच सुरू होतात म्हणे, उरलेल्या निम्म्यांसाठी त्यांनी मला ठेवलंय. मुलगी कॉम्प्युटर कसा उघडणार, वगैरे एकदाही विचारलं नाही. चहा बरा करतेस का, एवढंच विचारलं. अजिबात नाही, म्हटलं. ते म्हणाले, मग जमेल आपलं, चहा मी करतो.

ही रोजनिशीच कामाची वही करणार आहे. दोन वह्या ठेवल्या की मी दोन्ही हरवते.

४ एप्रिल

आज पहिल्यांदा एकटी गिऱ्हाइकाच्या घरी गेले. मामांनी चिठ्ठीवर पत्ता लिहिला, वर न बघताच पुढे सरकवली. गुडघा दुखतोय म्हणाले. सकाळी तर शिडी चढून वरच्या फळीवरचा मॉनिटर काढत होते. असो.

वसाहतीतलं शेवटचं बैठं घर. यजमान घरी बसून इमारतींचे नकाशे काढतात, बाजारात त्यांना नकाशेवाले म्हणतात. चाळिशीचे असतील, पण केस पार पिकलेले आणि बोलतात सत्तरीतल्या माणसासारखं. प्रत्येक वाक्याच्या मध्ये थांबून. तक्रार अशी, की कॉम्प्युटर रोज दुपारी तापतो आणि बंद पडतो.

कामाची खोली पोर्चला लागून आहे. खिडकीतून पोर्च दिसतो. रिकामा, झाडून लख्ख केलेला, गाडी नाही. टेबलावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट, एका बाजूने काचेचं. म्हटलं, धूळ साचली असणार. उघडलं तर आत कण नाही. मग पेस्ट बघितली. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये पेस्टचा पातळ थर असतो, प्रोसेसरची उष्णता तो ठोकळ्याकडे पोचवतो. इथे त्याची वाळून खपली झाली होती. खरवडून पुसलं, मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, चारही स्क्रू तिरपे-तिरपे आवळले. अडतीस अंश. अर्धा तास अवजड नकाशे उघडून ठेवले तरी एकसष्टच्या वर जाईना. साडेबाराला कॉलर ताठ करून निघाले.

यजमानांच्या बायकोने, ताईंनी, पाणी आणलं. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाहेरूनच हात लांब करून पेला दिला.

५ एप्रिल

कॉलर उतरली. मी निघाल्यावर काल तो पुन्हा बंद पडलाच.

आज ठाण मांडून बसले. एकपर्यंत गरीब गाय. एक वाजून दहा मिनिटांनी आकडा चढायला लागला. एक्केचाळीस, सत्तेचाळीस, पंचावन्न. म्हटलं, पाठीमागे काहीतरी गुपचूप चालू असेल. पण प्रोसेसरला काम काहीच नव्हतं, तो हात जोडून बसलेला. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. ठोकळा घट्ट बसलेला. पंखा बदलला, पॉवर सप्लाय बदलला. आकडा आपला चढतोच आहे. तीन चाळीसला शंभर झाले आणि तो बंद पडला. तसा तो स्वतःला वाचवायलाच बंद पडतो, मी ताईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, यंत्राला तेवढं कळतं. आणि निघून गेल्या.

खोलीत पडदे ओढलेले, हवा गार. तरी काचेला बोट लावलं तर चटका बसला.

८ एप्रिल

तीन दिवस यंत्र दुकानात ठेवलं. दुपार आली आणि गेली, चाळीसच्या वर हललं नाही. म्हणजे दुखणं त्या घरात. विजेचा दाब मोजायला हवा.

एक गंमत. मामांनी त्यात फुंकर मारली नाही. तीन दिवस ते त्या टेबलाला वळसा घालून जात होते. आज एवढंच विचारलं, की तिथे काच लावलेली असते का. मी म्हटलं, असते की. ते चहा टाकायला गेले आणि चहा उतू गेला.

९ एप्रिल

यंत्र त्यांच्याकडे परत नेऊन जोडलं. विजेचा दाब ठीक. मग मामांचं आठवून काच काढून भिंतीशी ठेवली. एक दहा झाले. चाळीस. एक वीस, चाळीस. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

हात धुवायला गेले, दोन मिनिटं. परत आले तर काच जागेवर. चारही स्क्रू आवळलेले. अठ्ठावन्न.

नकाशेवाले तेव्हा घराच्या दुसऱ्या टोकाला फोनवर होते, आवाज येत होता. ताई या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

काचेवर एक पंजा उमटला होता. मी फडक्याने पुसला. जाईना. तेव्हा कळलं, की तो आतल्या बाजूने आहे. चार बोटं आणि अंगठा. माझ्या पंज्याच्या निम्मासुद्धा नाही.

घरात लहान मूल आहे का, असं मी नकाशेवाल्यांना विचारलं.  नाही म्हणाले.

१० एप्रिल

मामांना पंज्याचं सांगितलं. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसले.

मुलगी होती नकाशेवाल्यांना. अडीच वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी नकाशेवाल्यांनी हा कॉम्प्युटर आपल्याच दुकानातून नेला. त्या दिवशी तिला पाळणाघरात सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. ती मागच्या सीटवर झोपली होती, म्हणून ते आधी दुकानात आले. खोकं मामांनी स्वतः पुढच्या सीटवर ठेवलं. आणि बजावून सांगितलं, की गाडीत ठेवू नका हो, उन्हाने खराब होईल, सरळ घरी न्या.

त्यांनी सरळ घरी नेलं. पोर्चच्या पुढे उन्हात गाडी लावली. खोक्याला ऊन लागू नये म्हणून वरून रुमाल धरला, दोन्ही हातांनी उचलून आत आणलं. जोडलं, चालू केलं, नवीन यंत्राच्या नादात वेळेचं भान राहिलं नाही. एक दहाला ते घरात आले होते. तीन चाळीसला ताईंचा कामावरून फोन आला, की पाळणाघरवाली म्हणतेय भिंगरी आज आलीच नाही.

मामा म्हणाले, मी तिला बघितलं होतं गं. काचेतून. तोंड उघडं टाकून झोपली होती. मी यंत्राची काळजी घ्यायला सांगितलं. पोरीचं काही बोललो नाही. बापाला काय सांगायचं, असं वाटलं.

साठ वर्षांचा माणूस माझ्यासमोर शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. मी उठले. चहा केला. वाईट झाला. दोघांनी प्यायला.

११ एप्रिल

यंत्र मोडीत काढा, हे सांगायला गेले होते.

नकाशेवाले नाही म्हणाले. दुरुस्तीला बोलावलं ते तिचा ताप उतरावा म्हणून, ती जावी म्हणून नाही; ती याच यंत्रात, रोज एक दहाला येते, म्हणाले. काच लागून तापली की ते बाहेरून काचेवर हात ठेवून बसतात, सोसवेल तितका वेळ. हात दाखवला. मी मान फिरवली.

ताई उंबऱ्यावर उभ्या होत्या. दोन वर्षं ते दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. त्या त्यांच्यासमोरच मला म्हणाल्या, यांना सांग, रोज तिला आत कोंडू नका.

मी कोंडत नाही, ते म्हणाले. तेही मलाच. रोज काच काढतो. उघडी असली की ती शांत असते. पण नजर हटली की काच लागलेली असते. अडीच तास आहेत. कधीतरी डोळा लागतो, कधी फोन वाजतो. एकदा नुसतं नाक शिंकरलं. अडीच तास तिच्याकडे बघत बसणं मला एकदाही जमलेलं नाही, असं ते म्हणाले, आणि मग त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी इथे लिहू शकत नाही.

ताईंना तर खोलीत येताच येत नाही. पाय उचलत नाही, म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला. तू तरी एकदा तिच्याजवळ पूर्ण वेळ बस, म्हणाल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाच.

मी हो म्हटलं.

१२ एप्रिल

मामा नको म्हणतात. मी जातो, म्हणाले. पण त्यांना नुसतं त्या घराचं नाव काढलं तरी घाम फुटतो. आईचा फोन आला. आवाज असा का, विचारत होती. सर्दी झालीय, सांगितलं. खोटं बोलले.

मला भीती वाटतेय. पण अडीच तास एका जागी बसायचं, एवढंच तर आहे.

१३ एप्रिल

वही गुडघ्यावर आहे. नजर कॅबिनेटवर, शेजारच्या स्क्रीनवरचा आकडा आणि घड्याळ कडेने दिसतं. न बघता लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येणार.

१.१० — काच काढून मांडीवर घेतलीय, दोन्ही कोपरांनी धरून. चाळीस अंश. दाराबाहेर नकाशेवाले आणि ताई जमिनीवर बसलेत. शेजारी शेजारी.

१.३० — चाळीस. आत पाहून भिंगरीला सांगितलं, मी आहे हं. वेड्यासारखं वाटलं. पण पंख्याचा आवाज जरा खाली आला.

१.५० — एकोणचाळीस. यंत्र गार आहे. उकडतंय ते मला.

२.०५ — अडतीस. केसांतून पाणी गळतंय. दार लोटलं गेलंय, कुणी लोटलं कळलं नाही. मागे हात करून कडी चाचपली. कडीच नाही.

२.१५ — हाका मारल्या. कॅबिनेटच्या चकचकीत पत्र्यात दाराखालच्या दोघांच्या सावल्या दिसतात. हलत नाहीत. ऐकू जात नाहीये त्यांना. इतक्या जवळ आहेत आणि —

२.२५ — सदतीस. जीभ टाळ्याला चिकटतेय. बघतेय मी. भिंगरी, बघतेय. डोळ्यांत घाम उतरतोय, तरी मिटत नाही.

२.४० — पोर्चकडून गाडीचा आवाज आला.

मी खिडकीकडे पाहिलं. एकदाच. एकच क्षण —

मांडीवरची काच नाही.

कॉम्प्युटरचं घड्याळ १.१० दाखवतंय.

मांडीवर काहीतरी आहे. वजन आहे. ओले केस माझ्या गळ्याला लागतायत. केवढी तापलीय गं — केवढी — झोपेतून उठलीय. तिला कळत नाहीये की कुणीच कसं नाही —

आहे, मी आहे.

खिडकीला तीच काच लागलीय, उघडत नाही. खुर्ची मारून पाहिली. काचेला ओरखडासुद्धा नाही.

ते आले. नकाशेवाले. केस काळेभोर. हसतायत. गुणगुणतायत काहीतरी. दोन्ही हातांत खोकं, वरून रुमाल —

रडू नको. आला बघ बाबा. आला. इथूनच जाणार आहे, अगदी इथून. आपण काच वाजवू हं दोघी मिळून. तुझा हात दे. असा. जोरात. अजून जोरात —

इकडे बघा. इकडे —

पायाने घराचं दार लोटतायत. खोक्याला धक्का लागू नये म्हणून किती हळू, किती जपून ते आत —