गोधडीमागची भिंत

दि. ४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी इथे बरा आहे. पडद्यांच्या दुकानात काम लागलं. मालक शिकवतो कमी आणि ओरडतो जास्त, पण त्या ओरडण्यातूनच शिकायला मिळतं. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबा अजून धुमसत असतील, तर त्यांना सांग, मुलगा शेवटी शिकतोय. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

एक काम आहे, हसू नकोस. तुझ्या समोरच्या घरी तिच्याकडे जा. तिच्या आईने जाण्याआधी शिवलेली शेवटची गोधडी मी तिच्या खोलीत भिंतीवर टांगली, ती सरळ आहे का बघ. तू गोधडीच्या पाठीला कापडी नळी शिवून दिली होतीस. त्या नळीत हलकी लाकडी पट्टी घाल, असं तिचे बाबा सांगत होते. पट्टी मधे वाकली असती, आणि आईची गोधडी पोटात खचलेली तिला बघवली नसती. म्हणून मी जाडजूड लोखंडी पाइप घातला आणि वर त्यांना सुनावलं की ही गोधडी आहे, हातरुमाल नाही. पुढचं भांडण तुला माहीत आहे, कानाचं यंत्र न लावता तुलासुद्धा ऐकू आलं होतं. तेव्हापासून ते दार मला बंद.

काल मालकाने मला एका घरी भिंत बोटाने वाजवायला लावली. भरीव भिंत धप्प वाजते, पोकळ ढबढब. पोकळ भिंतीत स्क्रू नुसते अडकतात, धरत नाहीत. तिच्या खोलीत माझं ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं गेलं होतं. मला वाटलं, हातात काय जोर आलाय.

तशी भीती नाही, तिचा पलंग खिडकीपाशी असतो. माझा आपला वहीम असेल. पण भिंत वाजवून बघ, आणि तिच्या बाबांसमोर माझं नाव काढू नकोस. त्यांना तेवढंच हवंय.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा भाचा


दि. ९

चि. तोफ्यास,
अनेक आशीर्वाद.

गेले होते रे तुझ्या कामाला. गोधडी बघायला पाठवलंस की गोधडीवालीला, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. ती वाळली आहे जराशी. तुझं नाव काही काढलं नाही, फक्त पोस्टमन हल्ली वेळेवर येतो का, म्हणून विचारलं.

गोधडी छान दिसते. उजवीकडून अंगठाभर उतरली आहे. तिला वाटतं तूच तिरकी लावलीस, आणि तशीच बरी वाटते म्हणे. प्रेमात माणसाची नजरही तिरकी होते. भिंत वाजवली, पण माझ्या कानांना धप्प काय नि ढब काय. तळहात टेकवला तेव्हा मात्र पलीकडे तिच्या वहिनीने दार लोटलं, आणि भिंत माझ्या हाताखाली थरथरली. ती मूळची भिंत नव्हेच. तिच्या थोरल्या भावाच्या लग्नात एका खोलीच्या दोन केल्या, तेव्हाची ती.

खिडकीतून गार वारा लागतो म्हणून तिने पलंग गोधडीखाली ओढलाय. आईच्या कुशीत झोपल्यासारखं वाटतं म्हणाली. मला भरून आलं. उशीवर रोज पांढरी भुकटी पडते, ती झटकून निजते बिचारी. छताला रंग द्यायला झालाय, असं तिच्या बाबांना सांगून आले आहे.

वेळेवर जेवत जा. रागाने पोट भरत नाही.

तुझी बहिरी आत्या


दि. १२

आधी ऊठ. पलंग गोधडीखालून ओढून खिडकीशी ने. मग पुढचं वाच.

ती भुकटी छताची नाही, माझ्या स्क्रूंची आहे. ते रोज थोडे थोडे बाहेर येताहेत. पाइप इतका जड आहे की मला दोन हातांनी उचलावा लागला होता. गोधडीला हात लावू नकोस, खोलीचं दार आपटू नकोस, वहिनीलाही सांग.

आत्याचं पत्र आज दुकानात उघडलं. दोनदा तुमच्याकडे फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या बाबांचा आवाज आला आणि मी ठेवून दिला. दुकानाची गाडी तुमच्या गावी निघाली होती, तीत चढून बसलोही होतो. मग दारात उभे असलेले तुझे बाबा डोळ्यांपुढे आले आणि उतरलो. ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतोय. तो पोचेपर्यंत तू जागी असलीस तर बरं, एवढंच मनात येतंय.

त्यांचं खरं होतं. त्यांना सांगू नकोस. नाही, सांग.

तुझाच


दि. १४

स. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांच्या हाती पडलं. मला ताप होता, आत झोपले होते. पहिल्या ओळीपुढे त्यांनी वाचलंच नाही. मला पलंगासकट ओढलं, पलंगाचा पाय दारावर आपटला, आणि मी ओरडेपर्यंत उजवीकडचं टोक सुटलं होतं. पाइप आला तो उशी होती त्या जागी. फरशीची कपची उडाली आहे. बाबा तिथेच खाली बसले. तुला एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांनी नुसती ती कपची उचलली.

गोधडीला काही झालं नाही. घडी करून ठेवली आहे. भिंतीला भोक पडलंय, त्यातून वहिनीच्या खोलीतला उजेड येतो. मी आता पुढच्या खोलीत झोपते, तरी डोळे मिटले की डोक्यावर काहीतरी आहे असं वाटत राहतं.

पत्राचं दुसरं पान मी काल वाचलं. दोन्ही फोनच्या वेळी बाबा कोण आहे, कोण आहे म्हणून विचारत होते. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. बाबांना मीही भिते, त्यामुळे तू भ्यालास याचं नवल नाही. पण मी त्या पाइपाखाली निजत होते हे कळल्यावरसुद्धा तुला जास्त भीती माझ्या बाबांची वाटली. हे मला कुणाला सांगताही येत नाही.

रविवारी बाबा गोधडी विटांच्या भिंतीवर लावणार आहेत. भिंत वाजवून बघायला कुणीतरी हवं म्हणाले. कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दार मी उघडणार नाही, ते उघडतील. यायचं तर तसं ये.

लोभ आहे. तो पुढे असावा की नाही, ते दारातून आत आलास की बघू.

समोरच्या घरातली