पाटीच्या अलीकडे

हिल्सबरो, ऑकलंड
११ ऑगस्ट २०२४

चि. भानूस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र सुगतने टपालपेटीतून काढलं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. मला ते दुसऱ्या दिवशी सापडलं. पोराचा दोष नाही. या घरात कुणाला शाईने लिहिलेलं पत्र येतं हे त्याच्या ध्यानातच राहत नाही. केतकी म्हणाली, मामांना व्हॉट्सॲपवर लिहायला सांगा. मी सुनेला सांगितलं, मामांचे कान कारखान्यातल्या फोर्जिंगच्या घणाने खाल्ले, निदान डोळे तरी काचेपासून वाचू देत.

माझं बरं चाललंय. सकाळी आठला सुगत पेनरोजला कारखान्यात जातो, केतकी तिच्या लॅबमध्ये, श्रिया शाळेत. मग साडेतीनपर्यंत मी आणि हीटर. श्रियाला माझं सगळं मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते, आणि त्या उत्तराचा अर्थ मला लागेपर्यंत ती खोलीबाहेर गेलेली असते. तेरा वर्षांची पोर, तिला कुठे थांबायला वेळ. रात्रीच्या जेवणाला तिघं भराभरा बोलतात, हसतात. मीही हसते. कशाला हसले ते विचारू नकोस.

कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. तिथली बाई मला किआ ओरा म्हणते, मी तिला जयभीम म्हणते. दोघींचं त्यावर भागतं.

आता तुझ्या बेताबद्दल. ना तुझ्या गावी ना माझ्या, मधल्या देशात भेटू असं तू लिहिलंस ते मला फार आवडलं. दीड वर्षात तुझं तोंड पाहिलं नाही. बुद्धाला मानणारा देश बघायचा हे तर आपण आईच्या मांडीवर बसून ठरवलं होतं. सुगतने नोव्हेंबरचं स्वस्तातलं तिकीट शोधलंय. आधी नाही म्हणत होता. एकाला ऐकू येत नाही, एकीला इंग्रजी येत नाही, कसे फिराल म्हणाला. मी म्हटलं, तो पाट्या वाचेल, मी हॉर्न ऐकेन. चियांग माईला पाच दिवस काढायला तेवढं पुरे.

औषधं वेळेवर घे. जमिनीवर निजू नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
बेबीताई


पिंपरी
८ सप्टेंबर २०२४

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

शेजारच्या प्रसादने माझंही तिकीट काढलं. पासपोर्टवरच्या फोटोत मी पळून गेलेल्या कैद्यासारखा दिसतो असं तो म्हणाला. निदान मला तसं वाटलं. त्याच्या मिशीमुळे ओठ नीट दिसत नाहीत.

राहायची जागा साधी आहे, न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक. तू नाक मुरडशील म्हणून आधीच सांगतो. लोणचं आणू नकोस. विमानतळावर काढून घेतील आणि तू तिथे भांडत बसशील. वाचनालयातून पुस्तक आणून वाचतोय. जुन्या शहराभोवती खंदक आहे आणि आत गल्लीगणिक विहार. आपण जाऊ तेव्हा भिक्खूंचा वर्षावास नुकताच संपलेला असेल, चीवरदानाचे दिवस असतील. सातशे वर्षांची विहारं आहेत, ताई. आपलं विहार बांधून तीस वर्षं झाली तर आपण केवढा कार्यक्रम केला.

तुझी भावजय गेल्यापासून घर फार आवरलेलं राहतं. वस्तू ठेवली तिथेच सापडते. याचा कंटाळा येतो हे तुलाच सांगतो. तू दोन गल्ल्या सोडून राहायचीस तेव्हा वाटेत येऊन काहीतरी हलवून जायचीस.

एक गोष्ट विचारायची आहे. पत्रात नको, तिथे समोर बसून विचारेन. आत्तापासून डोकं खाऊ नकोस.

लोभ आहेच, तो भेटीपर्यंत पुरवून वापर.

तुझा,
भानू


हिल्सबरो, ऑकलंड
२० नोव्हेंबर २०२४

चि. भानूस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. विमानात गर्दी नव्हती. सुगत घ्यायला आला होता. इथे आता हवा बरी आहे, दिवस मोठे झालेत. सहल चांगली झाली. तू सगळी व्यवस्था नीट केलीस. तुझा मफलर माझ्या पिशवीत राहिला, पोस्टाने पाठवते.

तब्येतीस जपणे. कळावे.

बेबीताई


पिंपरी
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आणि मफलर मिळाला. पत्रात हवा बरी आहे असं लिहिलंयस. ऑकलंडची हवा मला वर्तमानपत्रातही बघता येते.

पहिले दोन दिवस आपण कसे होतो ते आठव. त्या लाल गाडीत, आपल्या वडापसारख्या, गुडघ्याला गुडघे लावून बसलो आणि तू समोरच्या म्हातारीला मराठीतून तिची सून कशी आहे ते विचारलंस. बांबूच्या टोपलीतला चिकट भात बोटांनी मळून खाताना, मला ह्यांच्याकडे भाकरी शिकवायला ठेवून घेतील का म्हणालीस. डोंगरावरच्या विहाराच्या तीनशेवर पायऱ्या चढताना दर दहा पायऱ्यांनी माझ्या तळहातावर बोट दाबत होतीस, मला मोजणी कळावी म्हणून. मी तीस वर्षं लहान झालो होतो.

मग तिसरा दिवस. ते जुनं विहार, आवारातलं ते छोटं देऊळ आणि दारातली पाटी. स्त्रियांना प्रवेश नाही.

परत येताना मी तुला सांगितलं की पाटीकडे माझं लक्षच गेलं नाही. ते खोटं होतं. मी पाटी वाचली होती. खाली कारण लिहिलं होतं, विटाळाचं, तेही वाचलं. तुझ्याकडे वळून न बघता चपला काढल्या आणि आत गेलो. वळून पाहिलं असतं तर जाता आलं नसतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

आत पाच-सहा माणसं बसली होती. त्यांतला एक म्हातारा काहीतरी म्हणत होता. मी सवयीने त्याच्या ओठांकडे बघत राहिलो, आणि ताई, मला ते वाचता आलं. नमो तस्स भगवतो. नऊ वर्षं झाली, वंदना माझ्या कानांवर पडलेली नाही. आपल्या विहारात म्हणणाऱ्याची माझ्याकडे पाठ असते. तिथे मला ती शब्दन् शब्द दिसली. परक्या माणसाच्या तोंडावर आपल्या आईचे शब्द. मी खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर म्हणालो. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेर आलो तर तू पायरीवर उन्हात बसली होतीस, माझ्या चपला शेजारी घेऊन. आणि मी मूर्ख आतलं सोनं किती देखणं आहे ते सांगत सुटलो.

त्यानंतरचे दोन दिवस तू मला जेवलास का एवढंच विचारलंस.

शाळेच्या ओसरीची गोष्ट तू आजवर सगळ्यांना सांगत आलीस. आपण दोघं बाहेर ओसरीवर, मास्तर म्हणाले पाढे चांगले येतात, भानू तू आत येऊन बस, आणि मी म्हणालो ताई आली तर येतो. थोबाडीत खाल्ली पण हललो नाही. सहा वर्षांचा होतो. माझ्या लग्नात सांगितलीस, सुगतच्या बारशात सांगितलीस. सत्तरीला टेकलेला भानू मात्र एकटा आत गेला. पुन्हा ती गोष्ट तू कशी सांगशील, हे माझ्या मनातून जात नाही.

जे विचारायचं होतं ते त्यामुळे तोंडातच राहिलं. आता विचारतो, हक्क उरला नसताना. परत ये. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे.

रागावून का होईना, चार पानं लिही.

तुझा,
भानू


हिल्सबरो, ऑकलंड
१९ जानेवारी २०२५

चि. भानूस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पाटी तू वाचलीस हे मला तिथेच कळलं होतं. वाचताना तू ओठ हलवतोस, पहिलीपासून. शेवटच्या शब्दापर्यंत हलवलेस. म्हणून तर बोलवेना. चुकून गेला असतास तर मी हाक मारून तुला शिव्या दिल्या असत्या, तुला ऐकू आल्या नसत्या, आणि विषय संपला असता.

ओसरीची गोष्ट मी अर्धीच सांगत आले. तू लहान होतास, तुझ्याही लक्षात नाही. तू हलला नाहीस हे खरं. पण दुसऱ्या दिवशी मीच तुला आत ढकललं. जा, म्हटलं, आणि संध्याकाळी येऊन मला सगळं शिकव. तू रडत गेलास. चुलीपुढे बसून मला बाराखडी शिकवलीस. पुढच्या वर्षी नवे मास्तर आले, मग मीही आत बसले, आणि तोवर मला वाचता येत होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण पहिला अर्धा भाग ऐकायला जास्त छान वाटतो.

तेव्हा तू आत गेलास याचं मला दुःख नाही, भानू. आत वंदना तुला दिसली, हे वाचून मी केतकीच्या स्वयंपाकघरात उभ्याने रडले. दुःख एवढंच की या वेळी तू माझ्या ढकलण्याची वाट पाहिली नाहीस. मी म्हणाले असते, जा. खरंच म्हणाले असते.

इथे मी रोज बाहेर बसते. जेवणाच्या टेबलावर बसते आणि बाहेर असते. कुणी वाईट वागत नाही, उलट केतकी माझ्यासाठी माउंट रोस्किलहून शोधून मेथी आणते. तरी. पाच दिवस तुझ्याबरोबर आत असेन, एवढ्यासाठी मी समुद्र ओलांडला होता. आणि तिथेही पायरी मिळाली.

तू आत होतास तेव्हा एक बाई अंगण झाडत होती. माझ्याएवढीच असेल. तिने पाटीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे दाखवलं आणि खांदे उडवले. मी सरकले, ती शेजारी बसली. मी मोठ्याने वंदना म्हणायला लागले. तिने झाडू बाजूला ठेवला, हात जोडले आणि तिच्या चालीत म्हणू लागली. शब्द तेच. तुला सांगायचं राहिलं ते हे. रागात सांगितलं नाही.

आता तुझा प्रश्न. तू काय विचारणार ते मला सप्टेंबरपासून ठाऊक होतं. परत यायच्या तयारीने बॅगेत पेन्शनचे कागद घेऊनच आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं असतंस तर त्याच संध्याकाळी सुगतला कळवलं असतं.

पण आता येणार नाही. राग म्हणून नव्हे. पंधरा दिवसांपूर्वी श्रिया सहलीचे फोटो बघत होती. मी एकटी पायरीवर का बसले आहे, म्हणाली. झाडणाऱ्या बाईनेच तो फोटो काढून दिला होता. मी सगळं सांगितलं, पाटीचं आणि ओसरीचंही, पूर्ण. ती इंग्रजीत पुष्कळ तणतणली. मग थांबली आणि मराठीत म्हणाली की आजी, तू आत का नाही गेली. तोडकं मराठी, पण माझ्याकडे बघून, उत्तराची वाट बघत. या घरात दोन वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. औषध घेतलं का, थंडी वाजते का, हेच विचारतात.

आता ती रोज संध्याकाळी माझ्या पलंगावर येऊन बसते. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. बाकीचा दिवस आहे तसाच रिकामा आहे, तुला खोटं सांगत नाही. पण ही दहा मिनिटं सोडून मला येववत नाही. मागची खोली रिकामी ठेवून माझी वाट बघू नकोस.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस. माझा आटलेला नाही, थोडा तापला होता.

तुझी,
बेबीताई


पिंपरी
२३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तू येणार नाहीस हे कळलं. वाईट वाटलं. दोन दिवस पत्राला हात लावला नाही, मग पुन्हा वाचलं. श्रियाची दहा मिनिटं मागायचा मला अधिकार नाही. तिला सांग, तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी द्यायचं आहे.

ओसरीचा दुसरा दिवस मला खरोखर आठवत नव्हता. तुझं पत्र वाचल्यावर चूल आठवली, तू राखेत काढलेला 'ब' आठवला. बेबीतला ब. आधी तोच शिकवायला लावला होतास.

रविवारी विहारात गेलो आणि पुढे कमिटीच्या रांगेत न बसता मागे, बायकांच्या शेवटच्या ओळीच्या पाठीमागे बसलो. लोकांना वाटलं मामांना काही सुधरत नाही. दोघांनी येऊन मला हाताला धरून पुढे नेऊन बसवलं. पुढच्या रविवारी पुन्हा मागे बसलो, पुन्हा नेलं. आज तिसऱ्यांदा बसलो तेव्हा कुणी उठलं नाही. तिथून कुणाचे ओठ दिसत नाहीत, ताई, फक्त माना आणि अंबाडे. वंदना कधी सुरू झाली आणि कधी संपली ते मला कळलं नाही. सगळे उठले तेव्हा मी उठलो.

मी तिथेच बसणार आहे. किती दिवस जमेल ते सांगत नाही.

मागची खोली मी बंद केलेली नाही. तिथे दुपारी ऊन चांगलं येतं, म्हणून आता पत्र लिहायला तिथे बसतो.

उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल, पण दे.

तुझा,
भानू